तळ्याकाठचे सात दगड

ज्ञानूने पुन्हा वरणभात मागितला त्या दुपारी आत्या म्हणाल्या, “गोळ्यांचा गुण आला बघ,” आणि मी “हो” म्हणाले. माझ्या नखांत अजून हळद होती. मी हात पदराखाली घेतला.

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, राजाबाई. आमच्या साताऱ्याकडे सासूला आत्याच म्हणतात. दिवाळीनंतर त्या गावाहून नेरूळला राहायला आल्या आणि त्याच आठवड्यात ज्ञानूला, माझ्या अडीच वर्षांच्या मुलीला, थंडी वाजून ताप भरायला लागला. एक दिवस ताप, एक दिवस बरी, पुन्हा ताप. पहिल्या डॉक्टरांनी व्हायरल म्हटलं. दुसऱ्यांनी रक्त तपासलं आणि मलेरिया निघाला. गोळ्या सुरू झाल्या त्याच संध्याकाळी तिने डोळे फिरवले. हात ताठ झाले, तोंडातून फेस आला. रणजीत, माझा नवरा, वाशीला कांदा-बटाटा मार्केटात गाळ्यावर होता. आत्यांनी तिच्या कपाळावर गार पाण्याची घडी धरली. तो झटका ओसरल्यावर त्या हलकेच म्हणाल्या, “तळ्यावर न्हेलं हुतंस ना हिला? आसरा लागल्या असतील. धा घास दहीभात ठेवून ये पान्याकडंला.”

“आत्या, हे असलं माझ्यासमोर बोलायचं नाही,” मी म्हणाले. आवाज चढलाच. “मी बी.एस्सी. झालेय. डासांनी होतो मलेरिया.”

त्या ज्ञानूच्या कपाळावरची घडी बदलत राहिल्या.

आणि दुसऱ्या दिवशी, त्या ज्ञानूशेजारी झोपलेल्या असताना, मी डब्यात दहीभात घेऊन तळ्यावर गेले.

साती आसरा म्हणजे पाण्याच्या सात देवता. विहिरीवर, ओढ्यावर, जिथे लेकरं पाण्याजवळ जातात तिथे बायका सात दगड मांडून त्यांची पूजा करतात. माझी आईही कराडला नदीवर करायची. मी तिलाही हसायचे.

आमच्या सेक्टरमागे भरतीचं पाणी सामावून घ्यायला एक तळं ठेवलेलं आहे. त्याच्या कडेला उद्यान. वरच्या अंगाला लॉन, मेंदीचं कुंपण आणि ज्याच्या मानेवरून पोरं घसरत येतात तो सिमेंटचा जिराफ. खालचा पाण्याकडचा पट्टा मात्र कुणाचाच नव्हता. बिल्डिंगांचं डेब्रिज तिथे पडायचं आणि त्यातून सुबाभूळ माजायची. तो पट्टा प्रियदर्शिनीताईंनी हातात घेतला.

ताई आमच्याच बिल्डिंगमध्ये आईबरोबर राहतात. कॉलेजात बॉटनी शिकवतात, लग्न केलेलं नाही. त्यांनी आम्हा सात-आठ बायकांना गोळा केलं, दर रविवारी सकाळी फावडी-घमेली घेऊन. सुबाभूळ मुळासकट काढली. पावसाळ्याच्या तोंडाशी करंज, भेंड, उंडी, निर्गुडी लावली, म्हणजे भराव पडण्याआधी इथल्या बांधांवर आणि खाडीच्या काठाला जी झाडं होती तीच. उद्यान खात्याच्या साहेबांना तिथे कारंजं हवं होतं. ताईंनी त्यांच्याकडून शब्द घेतला, की पुढच्या उन्हाळ्यात ही झाडं तगली तर पट्टा झाडांचा, नाहीतर कारंज्याचा. मला घरात कोंडल्यासारखं व्हायचं. ज्ञानूला हवा मिळेल म्हणून मी जायला लागले, आणि मग मलाच ते हवंसं वाटायला लागलं. मुळांची गुंडाळी सोडवून रोप मातीत कसं उतरवायचं हे मला ताईंनी शिकवलं. माझ्या हातचा एक करंज पाण्याजवळ सगळ्यांत छान धरला होता.

दगड मी रोपांच्या आळ्यांतून घेतले. पाणी धरून राहावं म्हणून प्रत्येक रोपाभोवती आम्हीच दगडांचं वर्तुळ मांडलं होतं. एकेका आळ्यातला एकेक दगड उचलला, माझ्या करंजाखाली ओळीने ठेवला, हळद-कुंकू लावलं, दहीभात ठेवला. मागच्या वर्षी ज्ञानूच्या वाढदिवसाला आत्यांनी माझी ओटी भरली होती, त्यातला हिरवा खण ट्रंकेतून आणला होता, तो पांघरला. हात जोडले तेव्हा काय म्हणायचं तेही मला येत नव्हतं. “तिला सोडा,” एवढंच म्हणाले.

ताप उतरला. गोळ्यांनी उतरला, हे मला कळतं. तरी नखांतली हळद घासून काढताना मला वाटलं, गोळ्यांनी एकट्यांनीच उतरला असेल कशावरून?

आठवडा गेला असेल नसेल. दूध केंद्रावर रांगेत समोरच्या बिल्डिंगमधली यशोदाबाई दुसरीला सांगत होती, “तळ्यातून वर आल्यात म्हणे सातीजणी. एका रात्रीत. कुणाचा हात न लागता.”

“असं?” मी म्हणाले. खरंच म्हणाले. पिशवी हातात धरून, आश्चर्य वाटल्यासारखं तोंड करून.

“बघून या ना तुमी. माझ्या नातवाचं दाताचं दुखणं थांबलं.”

बघायला गेले. कुंकवाच्या जागी शेंदूर आला होता. नारळ फुटले होते, हिरव्या बांगड्या होत्या, सात पणत्या. खण तसाच होता, त्यावर कुणीतरी आणखी दोन घातले होते. उंडीची रोपं पायांखाली गेली होती. निर्गुडीच्या फांद्या लोक मुलांना शेक द्यायला मोडून नेत होते. माझ्या करंजाच्या खोडाला तेल लागून ते काळं पडलं होतं.

रविवारी ताई एकेक रोप पुन्हा काठीला बांधत होत्या. मी सुतळी धरून शेजारी.

“कुणी सुरू केलं असेल गं हे?” त्यांनी विचारलं. चिडून नाही, नुसतंच.

“काय माहीत,” मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. त्यांना माझा संशय यायचं काही कारणच नव्हतं. ते मला जास्त लागलं.

करावे गावातली धोंडूबाई आमच्या गेटवर मासे विकायला येते. टोपली डोक्यावरून उतरवता उतरवता ती एकदा म्हणाली, “काय गो बाय, ही कनची देवी बसवलीव तुमी लोकांनी? आमची गावदेवी तं गावान हाय. ही बिल्डिंगवाल्यांची काय?”

“मला नाही माहीत, मावशी.”

“बसवा बसवा. आमची शेतं तं गेलीच, आता तुमचं देव पन येवदेत.” आणि ती मोठ्यांदा हसली. “बोंबील घे, ताजं हायेत.”

मी नको असतानाही बोंबील घेतले.

मग हिरामण आला. हिरामण आमच्या सेक्टरचा केबलवाला. गणपतीत मंडप त्याचा, होळीत लाऊडस्पीकर त्याचा. एका सकाळी मी बाल्कनीतून पाहिलं तर पट्ट्यात वाळूचा ढीग पडला होता, भेंडाच्या दोन रोपांवरच. त्याच्या बाजूला सिमेंटच्या गोण्या आणि पत्र्यांची चवड. संध्याकाळी सगळ्यांना बोलावणं होतं. पाया खणायचा होता. आसरांना मंडप, समोर फरशी, बायकांना बसायला कट्टा.

खरं तर मला घरात राहता आलं असतं. पण ताई एकट्या खाली उतरताना दिसल्या, म्हणून मी ज्ञानूला कडेवर घेतलं. आत्या म्हणाल्या, “थांब, मी बी येते.” त्यांनी कपाळावरचं कुंकू पुन्हा नीट केलं आणि पायात चपला न घालताच निघाल्या.

पन्नासेक माणसं होती. ताई वाळूच्या ढिगाशी उभ्या होत्या. “हिरामण, एवढाच पट्टा आहे. इथे फरशी घातली तर मुळांना पाणी जाणार नाही. आणि साहेबांनी हे पाहिलं तर झाडं गेली म्हणून उद्या कारंजं सुरू करतील.”

“ताई, टेन्शन घेऊ नका ना. झाडं काय, कुंडीत लावू. मस्त रंगीत कुंड्या आणतो मी.”

“कुंडीत उंडी लावणार तू?”

कुणीतरी हसलं. हिरामणही हसला. पण यशोदाबाई पुढे आली. “देवाच्या कामात आडव्या येऊ नका, बाई. तुमाला काय, ना मूल ना बाळ. आमच्या लेकरांना ताप आला की आमचं काय होतं ते तुमाला कसं कळणार?”

ताईंचा चेहरा फार बदलला नाही. त्यांनी फक्त हातातली काठी वाळूत रोवली आणि ती धरून उभ्या राहिल्या.

माझ्या कडेवर ज्ञानू होती. बरी झालेली, गुबगुबीत, तोंडात बिस्कीट. मला तिला कुठेतरी लपवावंसं वाटलं.

“ते दगड मी ठेवलेत,” मी म्हणाले.

पहिल्यांदा कुणाला ऐकूच गेलं नाही. मी पुन्हा म्हणाले, मोठ्याने. “तळ्यातून वगैरे कुणी आलेलं नाही. आळ्यांतले दगड आहेत ते. मी उचलून ठेवले. ज्ञानूला ताप होता म्हणून.”

ताई वळल्या. “तू?” एवढाच शब्द. त्यात राग असता तर बरं झालं असतं.

“काय सांगता, वहिनी!” हिरामण म्हणाला.

“मग पोर बरी झाली ना तुझी?” यशोदाबाईने विचारलं.

“मलेरिया होता. रक्त तपासलं होतं. गोळ्या दिल्या—”

“बरी झाली ना?”

“झाली, पण—”

“मग!” ती सगळ्यांकडे वळली. “शिकली-सवरलेली बाई. तिला कुणी बुद्धी दिली दगड मांडायची? हिच्या मनात आलं कुठून?”

“म्हणजे फर्स्ट अनुभव तुमचाच, वहिनी,” हिरामण खूश झाला होता. “बोर्डावर तुमचंच नाव टाकू सगळ्यात वर. सौ. सुमेधा... रणजीतभाऊंचं आडनाव काय?”

लोक हसले, चांगल्या मनाने. एका बाईने पुढे येऊन ज्ञानूच्या पायाला हात लावून तो कपाळाला लावला. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटत होतं. जे खोटं मी एवढे दिवस सांभाळलं, ते खरं बोलल्याबरोबर आणखी मोठं झालं. पोरांनी पहारी उचलल्या.

“थांबा रं बाबांनो,” आत्या म्हणाल्या.

त्या आतापर्यंत मागे उभ्या होत्या. मोठं कुंकू, नऊवारी, अनवाणी. लोकांनी वाट दिली.

“छप्पर घालताय ते घाला. पन आसरांना इचारलंत का?”

“विचारायचं काय त्यात, आजी? सगळ्यांनाच छप्पर पायजे असतं,” हिरामण म्हणाला.

“तुला पायजे आसंल. आमच्या गावच्या राईत काळूबाई हाय. माज्या सासऱ्याच्या बापानं छप्पर घातलं, पयल्याच वाऱ्यात उडालं. दुसऱ्यांदा घातलं, त्यो आंथरुणाला खिळला. समद्या देवास्नी छप्पर सोसत न्हाई. राईतली काडीबी कुनी उचलत न्हाई आमच्यात.” त्यांनी श्वास घेतला. “कौल लावू. मग तुमी काय करायचं ते करा.”

यावर कुणाला नाही म्हणता येईना. कौल सगळ्यांना माहीत होता. देवाला दोन फुलं चिकटवायची, प्रश्न विचारायचा, कुठल्या बाजूचं फूल आधी पडतं त्यावर देवाचं उत्तर. हिरामणनेसुद्धा चपला काढल्या.

आत्या तळ्याच्या कडेला गेल्या, ओंजळभर पाणी आणलं. कुणीतरी तगरीची फुलं दिली. त्या मधल्या दगडासमोर बसल्या. मी ज्ञानूला घेऊन त्यांच्या बाजूलाच होते. आईपण आल्यापासून माझी नजर अशी झाली आहे, की कोण कुठे हात घालतंय, कोण पडतंय, सगळं दिसत राहतं. बाकीच्यांना आत्यांची पाठ दिसत होती. मला हात दिसत होते.

“उजवं पडलं तर छप्पर, फरशी, समदं घाला,” आत्या मोठ्याने म्हणाल्या. “डावं पडलं तर आसरा उघड्यावर. आई, लेकरं उभी हायती. खरं ते सांग.”

त्यांनी उजव्या अंगाला ओल्या शेंदरात अंगठा फिरवला, फूल त्यात ठेवलं आणि अंगठ्याने दाबलं. दाबून धरलं. पाकळ्या चेपल्या इतकं. डाव्या अंगाला मात्र नुसत्या पाण्याच्या बोटाने फूल टेकवलं, टेकवलं न टेकवलं असं.

हात बाजूला करायच्या आत डावं फूल खाली आलं.

सगळ्यांच्या तोंडून एकदम आवाज निघाला. यशोदाबाईने हात जोडले. आत्या उठल्या नाहीत. तशाच बसून म्हणाल्या, “उघड्यावर ऱ्हाणार म्हंती. मातीत. झाडाखाली.”

“मग निदान फरशी?” हिरामणने विचारलं.

“न्हाई. पायाखाली माती.”

“कुंपणाची भिंत?”

“न्हाई.”

“बोर्ड तरी, आजी?”

“बोर्ड तुज्या केबलच्या दुकानावर लाव.”

या वेळी लोक खरंच हसले आणि त्या हसण्यातच ते काम संपलं. दोन पोरांनी सिमेंटच्या गोण्या हातगाडीवर चढवल्या. यशोदाबाई आता सगळ्यांना सांगत होती, की आसरांच्या राईतलं पान तोडायचं नाही, निर्गुडी तर अजिबात नाही. ज्या बाईने काल फांदी नेली होती तीच मान डोलवत होती. वाळू दुसऱ्या दिवशी गेली. खालून भेंडाची दोन रोपं वाकडी निघाली.

ताई जायला वळल्या तेव्हा मी त्यांच्यामागे गेले. “ताई, मी सांगणार होते—”

“झाडं राहिली,” त्या म्हणाल्या. “तुझ्या आत्यांचे आभार मान माझ्यातर्फे.” मग थोडं थांबून, “मी इतके दिवस मुळं, पाणी, माती सांगतेय. एकानेही ऐकलं नाही गं.” आणि काठी घेऊन त्या चढण चढून गेल्या. यशोदाबाईने जे त्यांना ऐकवलं होतं त्याबद्दल मी काही बोलायला हवं होतं. मी ज्ञानूचं तोंड पुसत राहिले.

घरी आल्यावर आत्यांनी हात धुतले. पुन्हा धुतले. अंगठ्यावरचा शेंदूर साबणानेही जाईना. दिवेलागण झाली होती. गावाहून आल्यापासून एकही संध्याकाळ अशी गेली नव्हती की देवघरात त्यांनी दिवा लावला नाही. त्या दाराशी भिंतीला टेकून बसल्या.

“दिवा तू लाव,” त्या म्हणाल्या.

“तुम्ही?”

“माजा हात नगं आज.”

मी वात ओढली. काडी दोनदा विझली.

“खण वळखला हुता मी,” आत्या माझ्या पाठीमागून म्हणाल्या. “यशोदाबाई दावायला घिऊन गेली तवाच. हिरवा, तांबड्या काठाचा. मीच घेतलेला फलटणच्या बाजारात.”

मी वळले नाही. “मग बोलला का नाहीत?”

“तू झाकून केलंस. तुला लाज वाटत हुती. मी कशाला उघडं करू?” त्यांनी अंगठा पदराला पुसला. मग म्हणाल्या, “अंगठा बगितलास न्हवं तू?”

“हो.”

“बगायला नगं हुतं.”

“आत्या, तुम्ही झाडांसाठी केलंत. चांगलंच केलंत.”

“झाडांसाठी?” त्यांनी मान हलवली. “मला काय ठावं झाडांचं. तू मधी उभी हुतीस आन् समदी हसत हुती. त्यो गडी तुजं नाव फळ्यावर लिवनार हुता.” त्यांचा आवाज बारीक झाला. “तू दगूड मांडलेस तवा मनापासनं हात जोडले असशील. मी त्याच दगडापुढं बसून लबाडी केली. खरं ते सांग म्हनून.”

दगड मी ज्या आळ्यांतून उचलले होते, ती आळी आम्ही पुढच्या रविवारी पुन्हा बांधली. दगड मागायला मी आसरांकडे गेले नाही. दुसरे आणले. ताई आल्या, माझ्याशी नेहमीसारख्या बोलल्या, रोप कसं धरायचं ते मात्र आता दुसऱ्या कुणाला दाखवतात. उन्हाळा गेला. साहेब येऊन पाहून गेले, कारंज्याचं नाव निघालं नाही. करंजाला नवी पालवी आहे, उंडीही उठली. बायका येतात, दुरून हात जोडतात, पायवाट सोडून आत पाय ठेवत नाहीत. करावेकरांची खाडीवर जायची वाट त्या पट्ट्याच्या कडेनेच जाते; धोंडूबाई म्हणते, “तुमची देवी चांगली गो, आमच्या खाडीची वाट तरी मोकली ठेवली.”

आत्या तिकडे जात नाहीत. देवघरातही मागेच बसतात. रोज दिवेलागणीला मला म्हणतात, “तूच लाव.” मी लावते. माझा अजूनही त्यावर विश्वास आहे की नाही, ते सांगता येत नाही. ज्यांना सांगता येत होतं, त्यांचा दिव्यावरचा हात मी काढून घेतला.

परवा ज्ञानूने विचारलं, “आजी दिवा का नाही लावत?”

“आजीचा हात दुखतो,” मी म्हणाले.

आत्यांनी ऐकलं. अंगठा मुठीत धरून भिंतीकडे पाहत राहिल्या.